आधी बाण की आधी इनिशिएटिव्ह?

सप्रेम नमस्कार,

मी आमच्या ग्रुपची डीएम, म्हणजे डंजन मास्टर : गोष्ट सांगणारी, शत्रू चालवणारी आणि नियमांचा निवाडा करणारी. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथा-खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, पात्रं तिसऱ्या लेव्हलची आहेत. काही जणांकडे २०१४ चं नियमांचं पुस्तक आहे, काहींनी २०२४ चं घेतलंय आणि वाद झाला की प्रत्येक जण आपापलं उघडून बसतो.

आमच्यातला एक जण रोग (rogue, लपूनछपून वार करणारा) क्लास खेळतो, सबक्लास असॅसिन, म्हणजे मारेकरी. प्रत्येक लढाईआधी त्याचं ठरलेलं असतं : ‘मी लपलोय, आधी बाण मारतो, मग इनिशिएटिव्ह टाकू,’ म्हणजे लढाईत कुणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा नंतर. नाही म्हटलं की त्याचं तोंड पडतं. हो म्हटलं की लढाई सुरू व्हायच्या आत पहारेकरी मेलेला असतो. तसं हे क्वचितच जमतं म्हणा, कारण सोबत चेन मेल, म्हणजे कड्यांचं चिलखत, घातलेला फायटर असतो आणि त्याचा स्टेल्थचा (लपण्याचा) फासा दर वेळी सगळ्यांचं मुसळ केरात घालतो.

मागच्या सेशनला उलट झालं. मी तीन डाकू रस्त्याकडेच्या झाडीत दबा धरून बसवले. त्यांना सरप्राइज राउंड दिला, म्हणजे इनिशिएटिव्हच्या आधीच वार करू दिला. आमच्या विझार्डवर, म्हणजे जादूगारावर, तीन बाण, फाशांचे आकडे १४, १६, २१. त्याचा एसी, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १२. तिन्ही लागले, तो शून्यावर, म्हणजे बेशुद्ध. मग इनिशिएटिव्ह टाकलं, तर त्याचे १९ आले आणि डाकूंचे ११. तो म्हणाला, ‘माझ्याकडे शील्ड तयार होतं.’ शील्ड ही एसी वाढवणारी स्पेल (मंत्र), ती रिॲक्शन म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतसुद्धा, झटकन टाकता येते. मी म्हटलं, सरप्राइजमध्ये रिॲक्शन मिळत नाही. डाकू त्याचं स्पेलबुक घेऊन पळाले. रेंजरने लढाई संपल्यावर त्याला उठवलं, पण तोवर तो प्लेअर नुसता बसून होता आणि अजूनही माझ्याशी धड बोलत नाही. माझं चुकलं का? चुकलं असेल तर आता काय करू?

— पडद्याआडची डीएम

प्रिय डीएम,

आधी इनिशिएटिव्ह. प्रत्येक वेळी आणि दोन्ही बाजूंसाठी. ‘मी मारतो’ हे शब्द कुणाच्याही तोंडून निघाले की बाण धनुष्यावरच थांबवायचा आणि सगळ्यांनी फासे टाकायचे. एवढं पाळलं तर तुमची अर्धी भांडणं मिटतील. उरलेली अर्धी कशी मिटवायची ते सांगते. तुमच्या विझार्डबद्दलही सांगते, कारण त्याचं म्हणणं बरोबर आहे.

‘सरप्राइज राउंड’ हा शब्द पाचव्या आवृत्तीच्या नियमांत नाही. १९७४ च्या पहिल्या खेळात सहा बाजूंचा फासा टाकायचे. १ किंवा २ आला की ती बाजू गाफील. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सरप्राइज राउंड होता : ज्यांना शत्रूची चाहूल लागलेली आहे त्यांनाच त्यात एक मर्यादित कृती मिळायची. चौथ्या आवृत्तीनेही तो ठेवला. २०१४ ला तो गेला, पण जुन्या खेळाडूंकडून नव्यांकडे शब्द मात्र चालत राहिला. त्यामुळे तुम्ही तो वापरलात यात नवल काही नाही.

२०१४ चा नियम असा. जे लपलेत त्यांचा स्टेल्थ समोरच्या प्रत्येकाच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी (फासा न टाकता धरलेला सावधपणाचा आकडा) ताडून बघायचा. ज्याला एकाही शत्रूची चाहूल लागली नाही, तो गाफील. मग सगळे इनिशिएटिव्ह टाकतात, गाफील असलेलेसुद्धा. गाफील माणसाला लढाईतल्या पहिल्या टर्नला, म्हणजे पाळीला, हलता येत नाही, कृती करता येत नाही आणि ती टर्न संपेपर्यंत रिॲक्शनही नाही. ‘ती टर्न संपेपर्यंत’ हे तीन शब्द लक्षात ठेवा, तुमच्या विझार्डची सगळी केस त्यांच्यावर उभी आहे.

पण आधी तुमच्या असॅसिनकडे वळू.

समजा बुरुजावर एक पहारेकरी आहे. रोग भिंतीच्या सावलीत, धनुष्य ताणलेलं. तो म्हणतो, ‘मी मारतो.’ तुम्ही फासे मागवता आणि पहारेकऱ्याचा आकडा त्याच्या वर येतो. नेमकं इथंच प्लेअरचं तोंड पडतं. त्याला वाटतं की लपण्याची सगळी मेहनत एका फाशाने पाण्यात गेली.

तसं झालेलं नसतं. २०१४ च्या नियमाने पहारेकऱ्याची टर्न येते, तो काहीही न करता ती घालवतो, मग रोगची टर्न येते आणि बाण सुटतो. रोग अजून दिसलेला नाही, म्हणून ॲडव्हांटेज आहे (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा), आणि ॲडव्हांटेज आहे म्हणून स्नीक ॲटॅकही (रोगचं जास्तीचं डॅमेज) आहे. गेलं फक्त एक : असॅसिनला गाफील माणसावर लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल (डॅमेजचे दुप्पट फासे) मिळतो, पण पहारेकऱ्याची टर्न होऊन गेल्यामुळे तो आता गाफील राहिला नाही. म्हणजे इनिशिएटिव्हचा फासा इथं एकच प्रश्न विचारतोय : बाण सुटण्याच्या क्षणी त्या माणसाला कशाची तरी जाणीव झाली की नाही? हे टेबलावर बोलून दाखवा. ‘तू दोरी ताणलीस तेवढ्यात रातकिडे थांबले. त्याने मान वळवली. त्याला काय झालं ते कळलेलं नाही, पण हात भाल्याकडे गेलाय. तुझी टर्न.’ आकडा तोच राहतो, पण प्लेअरला आपली मेहनत पाण्यात गेली असं वाटत नाही.

२०२४ च्या पुस्तकाने हे सगळं बदललं. गाफील असणं म्हणजे आता फक्त इनिशिएटिव्हवर डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा. टर्न जात नाही. लपण्याचा नियमही वेगळा आहे : दाट अंधार किंवा धुकं हवं, नाहीतर निदान तीन-चतुर्थांश आडोसा हवा, कुठल्याही शत्रूच्या नजरेत नसायला हवं आणि स्टेल्थ चेक १५ च्या वर किंवा १५ हवा. जमलं की तुम्हाला इन्व्हिजिबल ही कंडिशन मिळते आणि तिच्यामुळे इनिशिएटिव्हवर ॲडव्हांटेज. २० बाजूंच्या फाशाची सरासरी १०.५ येते, ॲडव्हांटेजने ती साधारण १३.८ होते, डिसॲडव्हांटेजने ७.२. म्हणजे लपलेला विरुद्ध गाफील असा सामना असेल तर बोनस धरण्याआधीच साडेसहाचा फरक पडतो. नव्या असॅसिनला इनिशिएटिव्हवर स्वतःचं ॲडव्हांटेज आहे, पहिल्या राउंडमध्ये (सगळ्यांच्या टर्नची एक फेरी) ज्याची टर्न झालेली नाही त्याच्यावर वाराला ॲडव्हांटेज आहे आणि त्या राउंडमधला स्नीक ॲटॅक लागला तर रोगच्या लेव्हलएवढं जास्तीचं डॅमेज आहे. हमखास क्रिटिकल गेला, पण जे मिळतं ते बहुतेक वेळा मिळतं.

नव्या नियमात पहारेकऱ्याचा आकडा वर आला, तर त्याला खरोखरची टर्न मिळते. तेव्हा त्याने काय करायचं? डीएमला रोग कुठे आहे ते ठाऊक असतं, म्हणून नकळत पहारेकरी बरोबर त्या कोपऱ्याकडे धावतो, आणि प्लेअर संतापतो तो नेमका याच गोष्टीवर. त्याला फक्त संशय आलेला आहे, एवढंच धरून चाला. तो मशाल उंच करेल, सोबत्याला हाक मारेल, किंवा सर्च ॲक्शन घेऊन पर्सेप्शन टाकेल, आणि त्याला रोगच्या स्टेल्थच्या आकड्याला गाठावं लागेल. गाठला नाही तर रोग अजूनही लपलेलाच आहे.

माझं मत विचाराल तर २०२४ चा नियम घ्या आणि सगळ्या टेबलासाठी घ्या. कारण पुढे डाकूंच्या प्रसंगात येईलच. फक्त खिचडी करू नका. जुना असॅसिन आणि नवा सरप्राइज एकत्र ठेवलात तर ‘गाफील’ या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि दर सेशनला त्यावर अर्धा तास जातो. नवा नियम घ्यायचा तर त्या प्लेअरला सबक्लासही नव्या पुस्तकातला घेऊ द्या, आणि हे सगळं सेशन सुरू व्हायच्या आधी ठरवा.

आता फायटर. तो मुद्दाम घोळ घालत नाही, गणितच त्याच्या विरुद्ध आहे. पहारेकऱ्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन १२ धरा. तिसऱ्या लेव्हलच्या रोगचा स्टेल्थ +७ असेल (२० बाजूंच्या फाशात ७ मिळवायचे) तर त्याला १२ गाठायची शक्यता ८० टक्के. रेंजर +५, ७० टक्के. विझार्ड +२, ५५ टक्के. फायटर +० आणि चेन मेलमुळे डिसॲडव्हांटेज, म्हणून जेमतेम २० टक्के. चौघांनीही गाठायला हवं असं म्हटलं तर हे सगळे गुणायचे, आणि उत्तर येतं ६ टक्के. शंभर वेळा प्रयत्न केला तर सहा वेळा जमणार! फायटरला घरी ठेवलं तरी तिघांची शक्यता ३१ टक्केच राहते. मग तुमचे प्लेअर बेत आखणं सोडून सरळ दारावर लाथ मारायला लागले, तर त्यांना दोष देता येईल का?

यावर उपाय पुस्तकातच आहे, ग्रुप चेक : सगळ्यांनी फासा टाकायचा आणि निम्मे किंवा जास्त यशस्वी झाले की सगळा गट यशस्वी. याच चौघांसाठी ही शक्यता ८१ टक्के येते. सरप्राइजच्या नियमात ग्रुप चेकचा उल्लेख नाही, हे मी मान्य करते. तरीही सगळे मिळून चोरपावलांनी कुठे पोचत असतील तिथे मी तोच लावेन, कारण पुढे गेलेला रोग फायटरला कुठे पाय ठेवायचा ते दाखवतो, रेंजर सुकी पानं टाळायला सांगतो, आणि हे सगळं त्या एका चेकमध्ये धरलेलं आहे. ८१ जास्त वाटत असेल तर निम्म्याऐवजी चारपैकी तिघं हवेत असं ठरवा. मी नाही ठरवणार. ज्या गटाने दहा मिनिटं बेत आखला त्याचा बेत बहुतेक वेळा जमायला हवा.

एकट्याने लपायचं असेल तर फासा एकट्याचा. आणि फायटरला आणखी एक रस्ता आहे जो फार कमी जण वापरतात : त्याने यायचंच नाही. त्याचा वेग ३० फूट, डॅशने (कृतीही धावण्यात घालवली तर) ६०. चाहूल लागणार नाही एवढ्या अंतरावर, ५०-६० फुटांवर, तो कोपऱ्याआड थांबला, तर पहिला राउंड धावण्यात जाईल आणि दुसऱ्यात तो तलवार घेऊन मध्यभागी असेल. रोगसाठीही हेच सोयीचं आहे, कारण स्नीक ॲटॅकला दर वेळी लपावं लागत नाही. टार्गेटच्या ५ फुटांत आपला एखादा सोबती लढत असला आणि रोगला डिसॲडव्हांटेज नसलं की पुरतं. तुमच्या मित्राला हे माहीत नसण्याची दाट शक्यता आहे. कळलं की आधी बाण मारायचा त्याचा हट्ट पुष्कळ कमी होईल.

अंधाराचंही बघा. अंधुक प्रकाशात नजरेवर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला डिसॲडव्हांटेज असतं आणि पॅसिव्ह आकड्यात ते ५ ने कमी होतं. डार्कव्हिजन असलेल्याला मिट्ट काळोख अंधुक दिसतो, लख्ख नाही. म्हणजे डार्कव्हिजनवाला पहारेकरीसुद्धा मशालीशिवाय बसला असेल तर डोळ्यांनी बघण्यापुरतं त्याचं १२ चं ७ होतं. हे विसरणारे डीएम खूप आहेत. कानांना मात्र ही सूट नाही, त्यामुळे चेन मेल खणखणली तर १२ चे १२.

पाथफाइंडर या अशाच एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत चोरपावलांनी येणारा स्टेल्थचाच फासा इनिशिएटिव्ह म्हणून धरतो, आणि मला ती रचना फार सुंदर वाटते. पण ती उचलून इकडे आणू नका. तिथे पहारेकरी पर्सेप्शनवर इनिशिएटिव्ह टाकतो आणि दोन्ही आकडे बरोबरीने वाढतात. इथे तुमच्या रोगचे +७ आणि पहारेकऱ्याचा +१ असा सामना होईल आणि फासा टाकण्यात अर्थ उरणार नाही.

आता ते तीन बाण.

तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही. डाकूंचा स्टेल्थ टाकला होतात का? चौघांच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी तो ताडून बघितलात का? झाडीत बसवलं म्हणजे ते लपले, असं धरलं असेल तर पहिली गफलत तिथं आहे. डाकूचा स्टेल्थ +१ आणि विझार्डचं पॅसिव्ह ११ धरलं, तर एका डाकूला ते गाठायची शक्यता ५५ टक्के आणि तिघांनाही गाठायची सुमारे १७. पहारा ठेवून चालणाऱ्या रेंजरचं १४ असेल तर सहाच टक्के. म्हणजे विझार्ड गाफील सापडण्यापेक्षा एखादी फांदी हललेली त्याला दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. प्लेअरांना ग्रुप चेक दिलात तर डाकूंनाही द्या. मग विझार्डला गाफील गाठण्याची त्यांची शक्यता ५७ टक्क्यांवर जाते आणि रेंजरला गाठण्याची ३५ वर. दबा धरून बसलेल्यांना तेवढा फायदा हवाच. पण फासा पडायला हवा.

समजा पडला आणि चौघंही गाफील ठरले. तरीही शील्ड मिळायला हवं होतं. विझार्डचं इनिशिएटिव्ह १९, डाकूंचं ११. २०१४ च्या नियमाने १९ वर त्याची टर्न येते. तो काहीच करू शकत नाही, टर्न संपते, आणि टर्न संपली की रिॲक्शन परत मिळते. मग ११ वर बाण सुटतात. पहिला बाण, १४, लागतोय म्हणताच तो शील्ड टाकतो, एसी १२ चा १७ होतो आणि पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत तसाच राहतो. १४ हुकला. १६ हुकला. २१ लागला. तीन बाणांऐवजी एक. तो उभा राहिला असता आणि पुढच्या राउंडमध्ये डाकूंच्या आधी त्याची टर्न आली असती.

२०२४ च्या नियमाने तर प्रश्नच येत नाही. डिसॲडव्हांटेज घेऊनही त्याचे १९ आले असते, तर बाण सुटायच्या आधी त्याला पूर्ण टर्न होती. नवा नियम घ्या म्हणते ते यासाठीच. दबा धरून केलेल्या हल्ल्यात डीएमच्या हातात अख्खी फौज असते, तिची एखादी टर्न गेली तर बिघडत नाही. प्लेअरच्या हातात एकच पात्र असतं, आणि त्याची टर्न गेली की सगळ्यांच्या टर्न पुन्हा फिरून येईपर्यंत तो नुसता बसून राहतो. तुमचा विझार्ड रागावलाय तो स्पेलबुकासाठी कमी आणि त्या बसून राहण्यासाठी जास्त, असा माझा अंदाज आहे.

म्हणून आधी त्याच्याशी बोला आणि ते चारचौघांत बोला, खासगी मेसेजवर नको, कारण तुमचा निर्णयही चारचौघांत झाला होता. ‘शील्डचा निर्णय चुकला. नियमाने तुला रिॲक्शन होती, आणि दोन बाण हुकले असते. यापुढे सरप्राइज असा चालेल,’ आणि नवा नियम वाचून दाखवा. एवढंच. लांबलचक दिलगिरी नको, नाहीतर सगळं सेशन त्यावरच जाईल. लढाई मागे नेऊन पुन्हा खेळू नका. बाकी तिघांनी त्यात आपापली स्पेल्स आणि हिट पॉइंट्स खर्च केलेत, ते पुसून टाकणं त्यांच्यावर अन्याय होईल.

स्पेलबुक मात्र परत मिळायला हवं, आणि लवकर. पुस्तक नसेल तर विझार्डला तयार केलेली स्पेल्स बदलता येत नाहीत. चुकीच्या निर्णयाची एवढी मोठी किंमत त्याने चार-पाच सेशन मोजत राहावी हे बरोबर नाही. पुढचं सेशन थेट डाकूंच्या मागावर सुरू करा. रेंजरला माग सापडलाय, त्यासाठी फासा मागू नका. रात्र झालीय, डाकूंचा तळ समोर आहे, निखारे विझत आलेत, एक जण पहाऱ्यावर आणि दोघं झोपलेत. पुस्तक एका झोपलेल्याच्या उशाशी आहे.

डाकूचं पॅसिव्ह पर्सेप्शन १०, निखाऱ्यांच्या अंधुक उजेडात नजरेपुरतं ५. ग्रुप चेक घ्या. जवळ कसं जायचं, फायटर कुठे थांबणार आणि पुस्तक कोण उचलणार, हे त्यांना ठरवू द्या. झोपलेल्यांना गाफील ठरवण्याची गरजच नाही : ते बेशुद्ध धरले जातात, त्यांच्यावर वाराला ॲडव्हांटेज असतं आणि ५ फुटांच्या आतून लागलेला वार क्रिटिकल होतो. ते नियमाने आधीच असॅसिनच्या हातात आहेत. प्रश्न फक्त पहाऱ्यावरच्या एकाचा आहे. रोग जेव्हा म्हणेल, ‘मी मारतो,’ तेव्हा त्याला थांबवा आणि सगळ्यांना फासे उचलायला सांगा.